यल्लाची टाचणी

मे महिन्यात कमलिनीबाई मागच्या जिन्याने ये-जा करू लागल्या. गुडघे धरलेले, तरी लांबचा जिना. पुढच्या जिन्याशी, सहावीच्या वर्गाबाहेर, त्यांचा नकाशा टांगलेला होता आणि तो त्यांना नजरेसमोर नको होता. मी शेजारच्या वर्गात हिंदी शिकवायची. माझ्या नजरेतून हे सुटणार थोडंच!

बाई शारजातल्या आमच्या भारतीय शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या मिरजेच्या, राहायला शारजातल्याच रोल्ला भागात. खोटं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. कोणी दुसऱ्याचा नकाशा गिरवून आणला, तर त्याची अशी हजेरी घ्यायच्या की शेजारी माझा वर्गही गप्प व्हायचा. मागून आम्ही त्यांना हरिश्चंद्र म्हणायचो.

दोन हजार एक साली त्यांनी हे गरुडाचं खूळ काढलं. अमेरिकेतल्या एका पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या पाठीवर छोटं यंत्र बसवलं होतं. उपग्रह त्याचा ठावठिकाणा टिपायचा आणि दर आठवड्याला तो शाळांना ईमेलने कळायचा. शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी शाळा उघडली की बाई अक्षांश-रेखांश सांगायच्या, मुलं नकाशावर जागा शोधायची आणि बाई तिथे टाचणी टोचायच्या. गरुड उन्हाळ्यासाठी कॅनडातल्या घरट्याकडे निघाला होता. दर सुट्टीत गावी जाणाऱ्या आमच्या मुलांना ते वेगळं समजवावं लागलं नाही. टाचणी सरकली की "यल्ला, यल्ला!" असा, म्हणजे इथल्या अरबीत 'चल, चल!' असा, गलका व्हायचा. तेच त्याचं नाव पडलं.

एका शनिवारी ईमेल आली. विजेच्या तारांना लागून यल्ला मेला होता, यंत्र खांबाखाली सापडलं होतं.

मुलं नकाशापाशी वाट बघत उभी होती. बाईंची जीभ रेटेना. त्यांनी मनानेच आकडे सांगितले आणि टाचणी उत्तरेला सरकवली. पुढच्या शनिवारीही तेच.

आखातात हे नवीन नाही. गावाकडे कोणी वारलं तर फोनवर सरळ सांगत नाहीत. "सीरियस आहे, ये," एवढंच. खरं कळतं ते विमानतळावर न्यायला आलेल्याचा चेहरा बघून. बाईंच्या वडिलांच्या वेळी असंच झालं होतं आणि त्यापायी त्यांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता. आता त्या स्वतःच तसं वागल्या.

शेवटी स्टाफरूममध्ये त्यांनी मला गाठलं.

"विनिता, लाज वाटते गं मला. पोरांकडे बघवत नाही. आणि तुम्ही मला हरिश्चंद्र म्हणता!"

हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मीच ओशाळले.

"सांगून टाका बाई, खलास. मुलं काय, दोन दिवस रडतील."

"तू दाराशी थांबशील?"

थांबले. यल्ला कधीच मेला, नंतरच्या टाचण्या खोट्या होत्या, हे बाईंनी खाली बघत एका दमात सांगितलं. वर्गात कोणी रडलं नाही. शर्वाणी उभी राहिली. तिच्या घरी इंटरनेट होतं.

"मॅम, वी न्यू. वेबसाइटवर होतं. आय टोल्ड एव्हरीवन."

"मग मला का नाही विचारलंस?"

"वी थॉट, अमेरिकावाले तुम्हाला राँग नंबर्स पाठवतात. सो यू वोन्ट क्राय. आजोबा गेले तेव्हा मम्मीलाही असंच सांगितलं होतं. म्हणून वी ऑल डिसायडेड, मॅमला कोणी सांगायचं नाही."

तिच्यामागून सगळा वर्ग, माफी मागायला आलेल्या बाईंनाच, "सॉरी, मॅम," म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने तोंड झाकलं. मलाही दाराशी उभं राहवेना. मॅम स्वतः खोटं बोलत असतील, हे त्या मुलांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.