रेड ऑक्साइडचे ठिपके

माझ्या थोरल्या भावाला धंद्यात सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आली की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. छत आणि भिंत यांच्यामधली रंगाची रेघ दादा चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशने मारतो. श्वास रोखून. अख्ख्या भिंतीला दोनदा श्वास घेतला तर घेतला. माझी रेघ वीस वर्षांनंतरही गांडुळासारखी येते, हे तो गिऱ्हाइकासमोरही सांगतो.

औषधांचा त्याला भारी तिटकारा. ताप अंगावर काढणारा माणूस. आमच्या कामाच्या पिशवीत मात्र ब्रश, पुट्टी लावायचे पत्रे, पॉलिश पेपर यांच्याबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची डबी असायची. ती माझी. छत रंगवायचं म्हणजे दिवसभर हात वर आणि मान मागे, संध्याकाळी खांद्याचं लाकूड होतं. मी वर्षानुवर्षं त्या गोळ्या खात आलोय, मला कधी काही झालं नाही.

त्या महिन्यात एका शाळेचं काम होतं. आधी सगळी छतं, मग कुंपणाचं लोखंड. तिसऱ्या वर्गात दादाचा खांदा धरला आणि रेघ थरथरली. त्याने पुसली, परत मारली, परत थरथरली. खाली उतरून तो शिडीला टेकला, माझ्याकडे बघेना. तेव्हा मीच डबी पुढे केली.

"औषध नको," तो म्हणाला.

"हे औषध नाही रे, हत्यार आहे," मी म्हणालो. आणि वर स्वतःच्याच बोलण्यावर खूश झालो.

सकाळी एक, संध्याकाळी एक. खांदा सुटला, रेघ सरळ झाली. छतं संपली.

अकराव्या दिवशी आम्ही कुंपणाला रेड ऑक्साइड मारत होतो. लोखंडाला गंज धरू नये म्हणून मारायचा तो विटकरी रंग, उडतो फार. काम आटोपून नळावर बसलो तेव्हा दादाच्या दोन्ही नडग्यांवर बारीक लाल ठिपके दिसले. मी थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि पुसायला घेतलं. ठिपके जाईनात. मी जोर लावला.

"कातडी सोलतोस का माझी?"

"वाळलाय रे रंग. थांब जरा."

जिथे घासलं तिथे जांभळं झालं. मग माझं लक्ष त्याच्या वर दुमडलेल्या पँटवर गेलं. दिवसभर ती घोट्यापर्यंत होती आणि तिच्यावर एकही डाग नव्हता. मग रंग आत गेला कुठून? मी चिंधी पिळली आणि गप्प बसलो. का गप्प बसलो ते मला आजही सांगता येत नाही.

सकाळी वहिनी दारात. "भावोजी, चला. यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, थांबतच नाहीये."

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊन बोलल्या, "रक्त थांबवणाऱ्या पेशी असतात, प्लेटलेट. त्या दीड लाखाच्या वर हव्यात. यांच्या आठ हजार आहेत. पलंगावरून उठायचं नाही, दाढी करायची नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही." मग विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"कसलीच नाहीत," वहिनी म्हणाली. "साधा काढा घेत नाहीत."

मी मान डोलावली. मी खोटं बोलत नव्हतो. डबी माझ्या शर्टाच्या खिशात होती आणि मला ती आठवलीसुद्धा नाही.

पिवळसर प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी आठाचे पाच हजार झाले. आता कमरेच्या हाडातला मगज काढून तपासू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वहिनी पलंगाचा गज धरून उभी होती, तिची बोटं पांढरी पडली होती. दादा मात्र छताकडे बघत होता.

"ही रेघ कोणी मारलीय रे? तुझंच काम दिसतंय."

तो हसला तेव्हा त्याचे दात काळसर लाल दिसले. मला हसता आलं नाही.

दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. "पडून पडून खांदा परत धरलाय. कालच्यासारखी एक दे."

मी डबी काढली, झाकण उघडलं, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यात सिस्टर रक्तदाब बघायला आली.

"काय देताय त्यांना?"

"काही नाही, अंगदुखीची."

"कधीपासून घेतायत?"

"झाले दहा-बारा दिवस. काल इथेही एक दिली."

तिने त्याच्या हातातली गोळी उचलली, माझ्या हातातली डबी घेतली आणि अक्षरशः धावत गेली. डॉक्टरीणबाई आल्या त्या डबीच हातात घेऊन. म्हणाल्या, फार क्वचित, पण एखाद्याला या गोळ्यांनी असं होतं, शरीर आपल्याच पेशी मारत सुटतं. बहुतेक हेच असावं. आता ती बंद आणि वाट बघायची.

"ही दिली असती तर?" मी विचारलं.

त्यांनी डबी स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायचीच थांबली.

सहा हजार. मग एकोणीस. मग सत्तर. रोज सकाळी आकडा ऐकेपर्यंत मी जिन्यात उभा राहायचो. दादा वाचला. त्या गोळीचं नाव लिहिलेला कागद आता माझ्या त्याच खिशात असतो. ती त्याने पुन्हा कधीच घ्यायची नाही.

दोन महिन्यांनी आम्ही एका फाटकाला रेड ऑक्साइड मारला. दादा खाली गुडघ्यांवर बसून रंगवत होता, पँट चिंब लाल झाली. संध्याकाळी मी त्याला घरी सोडायला गेलो तर वहिनी चिंधी घेऊन बसलेलीच. "पँट वर करा," म्हणाली. एकेक ठिपका हलक्या हाताने पुसत गेली. गुडघ्याखालचा एक जाईना. तिने पुन्हा पुसला. तिचा हात थांबला. दादाने श्वास रोखला, रेघ मारताना रोखतो तसा.

मी खाली बसलो आणि नखाने खरवडलं. दोनदा जागा चुकली. तिसऱ्यांदा लाल पापुद्रा नखाखाली आला. आत कातडी स्वच्छ होती.

वहिनीने माझं बोट धरून दिव्याखाली नेलं, नखातला रंग नीट बघितला, आणि चिंधीने पुसून टाकला.

"भावोजी," ती म्हणाली, "जेवूनच जा."