गेरू लावलेली पुस्तकं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात उद्याचं जग ओळखणारा एकच माणूस होता, आणि संगणक कुठल्या बटणानं सुरू होतो हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. मी तिथला ग्रंथपाल. ग्रंथालयांनी काळाबरोबर कसं बदलावं, या विषयावर मी गावोगावी भाषणं दिली आहेत. त्यातलं टाळी घेणारं प्रत्येक वाक्य आमच्या मामांचं. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

मामा म्हणजे ग्रंथालयाचे शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे, प्राचार्यसुद्धा. गाव पाचोडकडचं, घराणं मेंढपाळांचं. वडिलांनी कळप मोडला तेव्हा मामा शहरात नोकरीला लागले, पण कळप मोडलाय हे त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं. पुस्तकं ते मोजत नसत. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी हात मागे बांधून कपाटांमधून एक फेरी मारायचे आणि दाराशी येऊन म्हणायचे, “सर, ते कोपरा कुरतडलेलं हिरवं आलं नाय आज.” हिरवं म्हणजे संख्याशास्त्र. मी संगणकात बघावं, तर ते खरंच बाहेर असायचं. “मोजलं की आकडा कळतो,” मामा म्हणायचे. “कोण गेलं ते तोंड बघितल्याबिगर कळत नाय.” ज्याला वर्षभर कुणी हात लावला नाही ते पुस्तक भाकड, उशिरा परत येणारं ते चुकार, आणि पानं सुटलेलं असलं की ते ‘लंगडतंय’ म्हणून खळीचा डबा घेऊन स्वतः त्याच्या उशाशी बसायचे.

पुस्तकं लावण्याची त्यांची तऱ्हा तर विचारूच नका. एकदा पाहणीसाठी एक विदुषी आल्या होत्या. त्यांना कायद्याच्या कपाटात म्हशींच्या आजारांवरचं पुस्तक सापडलं. माझा चेहरा उतरला. मामा शांतपणे म्हणाले, “बाई, वकिली शिकणाऱ्या निम्म्या पोरांच्या घरी म्हशी हायेत. दोन्ही संगटच नेतेत. मग लांब लांब कशाला बांधायची?” बाई हसल्या. आज हेच काम संगणक करतो, ‘हे वाचणाऱ्यांनी तेही वाचलं’ असं सुचवतो, आणि मी भाषणात त्याला नवं तंत्रज्ञान म्हणतो.

बारकोड वाचणारं यंत्र आलं तेव्हा मामांनी ते हातात घेऊन त्याचा लाल उजेड स्वतःच्या तळहातावर पाडून बघितला. मग म्हणाले, “ही लाल बत्ती पोराच्या तोंडावर मारली तर त्यानं काय वाचावं ते कळतं का?” मी म्हटलं, नाही मामा. “मग अर्धंच यंत्र घेतलं तुम्ही.”

मग ती दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडीचा तळ दिसायला लागला, शहरात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी. बायपासच्या पलीकडं मात्र फ्लॅट उठतच होते आणि त्यांच्या बांधकामाचे टँकर आमच्या फाटकासमोरून जायचे. वसतिगृहाची मेस बंद पडली, पोरं-पोरी गावाकडं गेली. वाचनकक्ष ओस पडला. खरं सांगू, मला बरंच वाटलं. निवांतपणे बारकोड चिकटवता येत होते. मामा मात्र दिवसातून दहादा दारात जाऊन रस्ता बघून यायचे. एक दिवस माझ्या टेबलाशी आले.

“सर, चारा संपला की मेंढरं थांबत नाय. आपणच हलायचं असतं. वाचणारी गावाकडं गेली, मग आपण इथं कुणाला राखत बसलोत? मी बाजारच्या दिवशी पाचोडला पुस्तकं नेऊ का?”

“न्या मामा,” मी म्हणालो. “नोंदीचं मी बघतो.”

संगणकात नोंद करायला विद्यार्थी ओळखपत्रासह समोर लागायचा. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. मामांना त्याची काळजी नव्हती. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तर ओळखू यावीत म्हणून मेंढरांना रंग लावतात. तसा त्यांनी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर गेरूचा ठिपका दिला आणि त्याच्या रिकाम्या जागी फळीवर गेरूचीच एक रेघ. झाली नोंद. बाजारात कांदेवाल्यांच्या शेजारी पोतं अंथरून बसायचे. एका मुलीच्या आईनं पुस्तकांकडं बघून भाव विचारला, तर म्हणाले, “वाचून परत आणायचं, हाच भाव.”

वर्षअखेरीला पुस्तकांच्या पडताळणीसाठी समिती आली. फळ्यांवर भगदाडं. गेरूच्या रेघा एका प्राध्यापकांना पानाच्या पिचकाऱ्या वाटल्या आणि त्यावरून वेगळंच रामायण झालं. शेवटी आम्हा दोघांना प्राचार्यांनी बोलावलं.

“मामा, पुस्तकं कुठं आहेत?”

“गावात हायेत साहेब. येतील.”

“कुणाच्या परवानगीनं नेली?”

मामा माझ्याकडं बघतील म्हणून मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिलो. त्यात एक लाल फूल होतं. मामांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही; बोलायची जागा तेवढी मोकळी ठेवली. माझ्या पदोन्नतीची फाइल त्याच टेबलावर होती. ती जागा मी मोकळीच सोडली.

मामांना ग्रंथालयातून काढून वसतिगृहाच्या टँकरवर नेमलं. शेवटची तीन वर्षं त्यांनी नळीखाली ड्रम सरकवण्यात काढली. पुढच्या सत्रात पोरं परतली तशी पुस्तकंही परतली, एक न एक, पाठीवर गेरू घेऊन. मी ती निमूट आत घेतली. वर्षभरानं कॉलेजनं गाडीतून खेडोपाडी पुस्तकं न्यायला सुरुवात केली. त्या कल्पनेबद्दल शाल आणि नारळ मला मिळाला. मामा तेव्हा मैदानाच्या पलीकडं पाणी भरत होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावी गेलो. पडवीत दोर वळत बसले होते. मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

“व्हय,” दोर न थांबवता ते म्हणाले. “पायजे व्हतं.”

‘जाऊ द्या सर’ असं म्हणतील, या आधारावर मी सगळा एसटीचा प्रवास केला होता. ते म्हणाले नाहीत. चहा आला. बशी खाली ठेवून मग म्हणाले, “गावात अजून एक-दोघं मला पुस्तकचोर म्हणतेत. हसूनच म्हणतेत. मला त्याचं लई काय नाय. पण नातू शाळेत जायलाय आता.”

“मी काय करू, मामा?”

“तुम्हाला लिहिता येतं. लिहा.”

तर लिहितो. त्या दुष्काळात पुस्तकं बाजाराला नेण्याची परवानगी मामांनी मागितली होती, आणि ती मी दिली होती. नोंद राहिली ती माझ्याकडून. पाचोडच्या बाजूला हे कुणाच्या हाती पडलं, तर शाळा सुटायच्या वेळी पारावर चार माणसांत मोठ्यानं वाचून दाखवावं. नातू पहिलीत आहे. त्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत.