दादाची लांब वाक्यं

भोरला आमच्याकडे पोस्टमन आला की शेजारी विचारायचे, "मास्तरांचं फ्रान्स आलं का?"

माझा थोरला भाऊ हायस्कुलात शिकवायचा. पुण्याला कॉलेजात असताना तो फ्रेंच शिकला होता आणि त्याचा एक मित्र त्याला तिकडची मासिकं पाठवायचा. सुट्टीच्या दुपारी दादा ती मराठीत करून मला ऐकवी. तिकडच्या लेखकांची वाक्यं नीरा नदीसारखी वळणं घेत जात. क्रियापद येईपर्यंत माझी मेथीची जुडी निवडून व्हायची. दादाही तसंच लिहायचा. पुण्याच्या एका मासिकात त्याचे निबंध येत. भोरात ते कुणी वाचत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. "लेखकानं चौकात जाऊ नये," तो म्हणायचा.

जर्मनीशी लढाई लागली आणि मासिकं बंद झाली. लढाई संपल्यावर एक पातळ पुडकं आलं. दादा वाचता वाचता थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथले लेखक आता चौकातच उभे आहेत. वर्तमानपत्रांत लिहितात, सभांत बोलतात. वाक्यं बघ, चार-चार शब्दांची." मग हळूच म्हणाला, "आणि माझ्या आवडीच्या एकावर खटला झालाय. शत्रूच्या बाजूनं लिहिलं म्हणून. फार सुंदर लिहायचा गं."

त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्याच महिन्यात वेल्ह्याकडच्या विंझर गावात पलटणीतून परतलेल्या शिपायांचा सत्कार होता. दादाला बोलायला बोलावलं होतं, मीही गेले. देवळापुढं उभं राहून त्यानं लिहून आणलेल्या भाषणाचं पहिलं वाक्य वाचलं आणि कागद मिटला.

"तुम्ही परत आलात," तो म्हणाला. "काहीजण आले नाहीत. आधी त्यांच्याबद्दल बोलू."

एक म्हातारे उठले. "माज्या पोराचं नाव घ्या मास्तर, समद्यांम्होरं."

दादानं घेतलं. मग दुसऱ्या कुणी आपल्या भावाचं सांगितलं. नावं संपली तेव्हा दादाचा आवाज बसला होता. भाषण झालंच नाही.

त्यानंतर त्याचं लिहिणं बदललं. पुण्याच्या मासिकाच्या संपादकांनी त्याचा निबंध परत पाठवला. पूर्वीची भाषा राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं. दादा एका साप्ताहिकात रस्त्यांवर, दवाखान्यांवर लिहू लागला. वेल्ह्याकडची माणसं गाऱ्हाणी घेऊन यायची. दुपारी ओसरी भरून जाई. मला त्याचा अभिमान वाटे. तरी एखाद्या रविवारी मी म्हणे, "दादा, जुनं काहीतरी वाच ना."

"वाचू की," तो म्हणायचा. तेवढ्यात दारात कुणीतरी वहाणा काढायचं, आणि मी उठून चहाचं आधण ठेवायची.