सरकत्या जिन्याची मावशी

आमच्या इथला जुना मॉल पाडणार अशी बातमी आली आणि अख्ख्या शहराला एकदम गहिवरून आलं. फोन उघडावा तर कोणी ना कोणी रडतंय. आमचं बालपण गेलं, ते कारंजं गेलं, वरच्या मजल्यावरचं ते आइसक्रीम गेलं. मला विचाराल तर ही सगळी मंडळी तिथे फुकटची थंड हवा खायला यायची. खरेदी म्हणजे एक कोन, तोही दोघांत. एकेक दुकान बंद पडत होतं तेव्हा यांच्यातलं कोणी तिकडे फिरकलं नाही, आणि आता भिंतीवर घण पडणार म्हटल्यावर यांना उमाळे येतायत. माझं डोकं त्या दिवसापासून जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

माझी मावशी त्या मॉलमध्ये कामाला होती. तिचं काम सांगितलं की आजची पोरं हसतात. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि येणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला पहिल्या पायरीवर चढवून द्यायचं.

हसायला काही झालेलं नाही. तो जिना आला तेव्हा इथे कोणी सरकता जिना पाहिलेला नव्हता. मॉल उघडला त्या दिवशी माणसं पायथ्याशी गर्दी करून उभी होती, आणि चढायला म्हणून कोणी तयार नव्हतं. मावशी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीला होती. सुट्टी होती म्हणून बघायला गेली होती. तिनं एकदा नीट पाहिलं, पाय टाकला आणि वर गेली. मग खाली आली आणि एका घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून त्यालाही वर नेऊन सोडलं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. मॅनेजर काचेच्या केबिनमधून हे बघत होता. त्यानं तिथल्या तिथे तिला नोकरी दिली. अंगावर निळा गणवेश आला आणि माझी हक्काची मावशी साऱ्या शहराची मावशी झाली.

"पायाकडे बघू नका, समोर बघा," एवढंच ती सांगायची. खालून मोठमोठ्यानं विनोद करणारा माणूस सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, हे तिला पाठ होतं, म्हणून ती त्याचा हात आधी धरायची. आणि आमच्या लोकांची एक गंमत म्हणजे जिना इतका चकचकीत, की कित्येक जण चपला खाली काढून ठेवून अनवाणी चढायचे. वर गेल्यावर आठवण व्हायची. उतरायचा जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. मग मावशी त्या चपला उचलून पायरीवर ठेवून द्यायची आणि वर धनी वाट बघत उभा असायचा. घरी येऊन ती हे सांगायला लागली की आई पोट धरून हसायची.

पुढे हमरस्त्याला मोठा मॉल आला आणि इथली गिऱ्हाइकं तिकडे पळाली. मॅनेजरला काटकसर सुचली ती नेमकी जिन्यावर. जिना बंद. त्याचं बटण केबिनमध्ये बसवून घेतलं. दारात बरी गाडी थांबली की साहेब बटण दाबणार, गाडीवाले वर गेले की पुन्हा बंद. बाकीच्यांनी बंद जिना पायांनी चढायचा. बंद सरकत्या जिन्याच्या पायऱ्या उंच असतात. म्हाताऱ्या माणसांना त्या झेपत नाहीत. मावशी त्यांचाही हात धरून त्यांना वर न्यायची. "साहेब, माणसं जिन्यावर असताना बटण दाबू नका," असं तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं. "मला काम शिकवू नका," हे त्याचं उत्तर.

एक दिवस मावशी एका आजीला घेऊन अर्ध्यावर पोचली होती. दारात इमारत विकत घेऊ बघणारी पार्टी आली. मॅनेजरनं गाडी पाहिली, जिना पाहिला नाही, आणि बटण दाबलं. पायऱ्या एकदम हलल्या. आजी मागे गेली. मावशीनं एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं आजीला. आजीचा सगळा भार त्या मनगटावर आला आणि ते कडकन मोडलं. तरी तिनं हात सोडला नाही. आजीचं कंबरेवर निभावलं, डोकं वाचलं.

मी इस्पितळात धावत गेले तेव्हा शेजारच्या खाटेवरून आजी म्हणाली, "पोरी, तुझ्या मावशीनं सोडलं असतं तर मी आज इथे नसते." हे ऐकायला मी एकटी, आणि भाचीच्या शब्दाला किंमत ती काय. आजीचा मुलगा तिला लांबच्या गावी घेऊन गेला आणि तिचं बोलणंही तिच्याबरोबर गेलं. इकडे मॅनेजरनं सगळ्यांना सांगून टाकलं, की मावशींचा हात सुटला. मावशीला घरी बसवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. काही महिन्यांनी मॉल बंद झाला, आणि लोकांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या: त्या बाईनं हात सोडला, म्हातारी पडली, आणि मॉल बुडाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. हे आमच्या शेजारणीनं मावशीला नळावर तोंडावर ऐकवलं.  त्यानंतर मावशीनं नळावर जायची वेळ बदलली.

तिला पैसे नको होते, नोकरीही नको होती. हात सोडला नव्हता, एवढं कोणीतरी चारचौघांत म्हणावं, इतकंच तिला हवं होतं. मनगट वाकडं बसलं, त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण कोणी मॉलचा विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

आता तिथे फ्लॅट होणार आहेत. बांधणाऱ्या कंपनीनं पाडायच्या आधी मॉलमध्येच 'आठवणींची संध्याकाळ' ठेवली, आणि कंपनीच्या वतीनं माइक हातात घेऊन उभा कोण, तर तोच मॅनेजर. मावशीला खास बोलावणं आलं. मी म्हणाले, "जायचं नाही." ती म्हणाली, "जायचं. तू माझ्याबरोबर चल, आणि तोंड बंद ठेव."

कारंज्यात पाणी नव्हतं, पण त्याच्याभोवती फुगे लावले होते. भाषण रंगलं. मॅनेजर म्हणाला, "आणि आपल्या जिन्याच्या मावशी! एकदा हात जरा सुटला त्यांचा, पण असो, शेवटी माणूसच आहे." लोक मायेनं हसले. त्या मायेनं माझं रक्त उसळलं. मी उठले. मावशीनं मला खाली ओढलं.

"मावशी, या ना," मॅनेजर म्हणाला. "एकदा तसाच हात धरून मला चढवा. छान फोटो येईल."

मावशी बंद जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तिनं चांगला हात मागे घेतला आणि वाकडा हात पुढे केला. त्यानं धरला.

"ओढा, साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"सुटतो का बघा. त्या दिवशी सुटला असता तर मोडला नसता."

माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मॅनेजर तोंडभर हसला, कारण समोर कॅमेरा होता, आणि हात सोडवायला बघू लागला. मावशीनं तो सोडला नाही. फोटोवाला फोटो काढत राहिला.  मग कोणीतरी सँडविचचे डबे उघडले आणि गर्दी तिकडे वळली. मी तिला घेऊन घरी आले आणि रात्री जेवले नाही.

सकाळी फोन उघडला तर मॅनेजरनं तोच फोटो स्वतःच्या नावानं टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'शेवटपर्यंत हात न सोडणाऱ्या आमच्या मावशी.' त्याखाली लोकांच्या लाल बदामांचा खच. माझा संताप अनावर झाला. करून सवरून नामानिराळा, आणि वर तिचा मोडका हातसुद्धा कंपनीच्या जाहिरातीला वापरला. मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते तेव्हा मावशी चष्मा लावून आली.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"परत वाच. मोठ्यानं."

परत वाचलं.

"हे त्यानंच लिहिलंय ना? त्याचं नाव आहे वर?"

"आहे. निर्लज्ज माणूस. त्याला एक शब्द खेद नाही, मावशी, त्यानं तुला पुन्हा..."

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "शेजारीण घरात असेल का गं आत्ता?"

"दाखवून येऊ?"

"तू नको. मी जाते."

तिनं त्या वाकड्या हातात माझा फोन घट्ट धरला आणि निघाली. चपला दाराशीच राहिल्या.