बुंध्यावरचा निळा ठिपका

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, आमच्या सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात, करवत घरोघरी आहे आणि अक्कल शिकवणारे तर त्याहून जास्त. पण कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं राखायचं, हे कागदावर सही करून सांगायला राज्याचा परवाना लागतो. तो ओडिल सूसीकडे आहे. पदवी घेतली, दोन वर्षं एका परवानाधारक वनतज्ज्ञाच्या हाताखाली डासांचे चावे आणि शिव्या खाल्ल्या, मग परीक्षा दिली. खोऱ्यातली ती पहिलीच बाई.

तेव्हा क्लोविस डेगल चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "आता बायका झाडं मोजणार? मग आम्ही काय स्वेटर विणायचे?"

"विणा की काका, लोकर मी आणून देते," ओडिल म्हणाली. लोक पोट धरून हसले. क्लोविसने मात्र तिला पुढची तीस वर्षं आपल्या जंगलात पाऊल टाकू दिलं नाही. असा खडूस माणूस!

ओडिलची कामाची रीत ठरलेली. तोडायच्या प्रत्येक झाडाला निळ्या रंगाचे दोन ठिपके: एक छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी मुळाशी. झाड ट्रकवर चढून गेलं तरी बुंधा जागेवर राहतो, आणि खालचा ठिपका सांगतो की हे झाड ओडिलच्या सांगण्यावरून पडलं. ठिपका नसला तर तोडणाऱ्याने हात मारला. खालचा ठिपका मारायला ती गुडघाभर बर्फातही वाकून बर्फ उकरायची. लाकूडतोडे वैतागायचे, पण तिच्यापुढे कुणाची लबाडी चालायची नाही.

तर झालं असं. क्लोविसच्या शेजारची जमीन एका शिक्षिकेची. तिच्या जंगलातली झाडं ओडिलने मार्च महिन्यात रंगवली. कमरेएवढा बर्फ होता. एका जुन्या झाडाच्या खोडात रुतलेली काटेरी तार दिसली. हीच हद्द, असं तिने धरलं आणि तारेपर्यंत रंग मारत गेली. जूनमध्ये तोड संपल्यावर, नेहमीप्रमाणे, ती पाहणीला आली. बर्फ गेलेला. तारेच्या अलीकडे तीस पावलांवर, नेच्यांमध्ये, दगडांची एक रास तिला दिसली. जुन्या मोजणीत हद्दीच्या कोपऱ्यावर रचायचे ती रास! तार म्हणजे क्लोविसच्या आजोबांचं गाईंचं कुंपण होतं, हद्द नव्हे.

ओडिल वाकून एकेक बुंधा बघत गेली. रास आणि तार यांच्यामध्ये सात मेपलचे बुंधे होते. सातही क्लोविसचे, आणि सातांवर तिचाच निळा ठिपका.

तोडीचा मुकादम रेनाल शेजारीच उभा होता. त्याने टोपी मागे सारली. "बाई, म्हातारा खुब्याच्या दुखण्याने सहा वर्षांत इकडे फिरकलेला नाही. मी बुंधे खरवडतो, वर फांद्या टाकतो. दोन हिवाळ्यांत सगळं गडप."

"आणि परवाना?"

"अहो, तो वाचवायलाच तर म्हणतोय!"

क्षणभर, खोटं कशाला बोला, तिचं मन डळमळलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. परवाना गेला तर दुसरं काय करणार होती? मग ती उखडली. "तीस वर्षं दुसऱ्यांची चोरी पकडायला हा ठिपका मारला, रेनाल. आज तो माझ्यावर बोट दाखवतोय, म्हणून खरवडू? करवत ठेव गाडीत."

ती तशीच चिखलाच्या बुटांनी क्लोविसच्या दारात गेली. म्हातारा प्लोयवर, म्हणजे आमच्याकडच्या कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यावर, लोणी लावत बसला होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "भरपाई मी देणार आहे. आणि परवाना मंडळाला स्वतःहून कळवणार आहे."

क्लोविसने लोण्याची सुरी खाली ठेवली. "बापाने राखलेली झाडं होती ती, पोरी," तो म्हणाला. ओडिलला रडू आलं, पण ती मान खाली न घालता उभी राहिली.

सप्टेंबरात राजधानीत परवाना मंडळापुढे सुनावणी झाली. पाच तासांचा रस्ता. ती एकटीच गाडी हाकत गेली. दालनात शिरते तर काठी टेकत क्लोविस आधीच हजर! चर्चचा कोट घालून आला होता, पुतण्याला गाडी चालवायला लावून.

अध्यक्षांनी विचारलं, "श्रीयुत डेगल, तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार? माझे मेपल गेले, त्याचं दुःख आहे. पण मला कळलं ते हिने सांगितलं म्हणून. माझ्या डोळ्यांना तर समोरचा पाव दिसत नाही." त्याने काठी आपटली. "मी एवढंच विचारायला आलोय. हिचा परवाना तुम्ही काढून घेतलात, तर माझं जंगल बघायला कोण येणार? कारण दुसऱ्या कुणाला मी आत घेणार नाही."



परवाना राहिला. पण लेखी ठपका आला, शिक्क्यासकट: हद्दीची खात्री न करता झाडं चिन्हांकित केली. ओडिलने तो चौकटीत बसवून स्वयंपाकघरात परवान्याच्या खाली टांगला. अजून तिथेच आहे.

पुढे आपल्या जंगलाच्या आराखड्यावर सही करायला क्लोविस आला, तेव्हा भिंतीला नाक लावून त्याने तो वाचला. "काय गं, ठपका पण मिरवतेस?"

"वरचा कागद परीक्षा देऊन मिळाला, काका. तो पुष्कळांकडे आहे," ओडिल त्याच्या हातात पेन देत म्हणाली. "खालचा मी स्वतः मागून आणलाय."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि सही केली.