कपात आधी रंगात

ललिताचा फोन आला तेव्हा मी औशाला एका मंगल कार्यालयाच्या मालकाशी हुज्जत घालत होतो. लग्न घरबसल्या दाखवायचं काम आमचं, पण त्यासाठी लागणारी वीज त्याची की माझी, एवढाच वाद. "दाजी, हे गेले," ललिता म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच तसं विचारलं, कारण आदल्याच संध्याकाळी मी सुधाकरला पाहिलं होतं. पडद्यावर का होईना, पण नीट बोलत होता, बहिणीची चेष्टा करत होता... पलीकडे ती रडायला लागली, तेव्हा कळलं. कार्यालयाचा मालक समोर बोलतच होता. तो म्हणेल ते कबूल करून मी गाडीत बसलो. धंद्यात पडल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं.

सुधाकर म्हणजे माझ्या बायकोचा, मंगलचा, धाकटा भाऊ, आणि ललिता त्याची बायको. नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. लातुरात लोकांच्या गच्च्यांवरून वायरी ओढत मी केबलचा धंदा उभा केला आणि त्याचा मला गर्व आहे. सुधाकरचा विषय मात्र माझ्याच धंद्यातला निघाला. वायरीतून किंवा हवेतून पाठवलेलं चित्र बघणाऱ्याच्या डोळ्याला कसं वाटतं, ते मोजायचं आणि सुधारायचं. पाहुण्यारावळ्यांत मी त्याची ओळख 'टीव्ही बघण्याचा प्रोफेसर' अशी करून द्यायचो. तोही मान हलवून म्हणायचा, "आणि हे टीव्ही बिघडवण्याचे मालक."

त्यात तथ्य होतं. सगळं डिजिटल झालं तेव्हा एका स्थानिक वाहिनीच्या जागेत मी तीन कोंबल्या होत्या. सुधाकर सुट्टीला आलेला. आमच्याच वाहिनीवर गावचा क्रिकेटचा सामना चालू होता. तो थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "दाजी, काळीपिवळीत माणसं भरावी तशा वाहिन्या भरून राहिले तुम्ही. चेंडू कुठं हाय?"

"काळीपिवळीच पोचवती गावाला," मी म्हणालो. "तक्रार कुणाची हाय?"

"तक्रार करत न्हाईत. बघायचं सोडून देतात."

झालं, आमची जुंपली. मी म्हणालो, यंत्र लावून सिद्ध कर. तर तो म्हणाला, यंत्र वायरीतलं सांगतं, डोळ्यातलं नाही. त्यासाठी माणसंच बसवावी लागतात. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या बैठकीत गल्लीतली माणसं बसवली. टीव्हीपासून किती लांब खुर्ची ठेवायची तेही ठरलेलं. एकच तुकडा आधी चांगला दाखवायचा, मग बिघडवलेला, आणि पाचपैकी मार्क विचारायचे. मंगलनं रीतीप्रमाणे आल्याआल्या सगळ्यांना चहा दिला. सगळ्यांनी सगळ्या चित्रांना पाच मार्क दिले. पडद्यावर नुसते चौकोन नाचत होते, त्यालाही पाच. सुधाकर डोक्याला हात लावून बसला. शेवटी त्यानं शेजारच्या गंगाबाईंना विचारलं, "मावशी, खरंच बरं दिसलं का हो हे?"

"दिसलं कशाचं बाबा. पण चहा पिऊन पुन्हा त्याच घरच्या टीव्हीला नावं ठेवायची व्हय?"

पुढच्या खेपेला चहा नंतर. मग खरे मार्क पडले आणि माझी बोलती बंद झाली. मी तीनच्या दोन वाहिन्या केल्या. एक केली नाही, घासाघीस करून दोनवर आणलं. पुढं लग्नांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा सगळी रचना त्यानंच बसवून दिली. त्यातलं बरंचसं मला कळत नसे, पण काही गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या. चित्र जरा धूसर असलं तर माणूस सहन करतो, थांबलेलं सहन करत नाही. थांबलं की निरखायला लागतो, शंका घेतो. आणि जागा कमी असली तर कपात आधी रंगात करायची. "डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक लगेच कळतो दाजी. रंग कमी पडला तर तो आपल्या पदरचा भरून घेतो." मला हे फार आवडलं होतं. गिऱ्हाइकाला कळणार नाही अशी काटकसर कोणत्या व्यापाऱ्याला आवडणार नाही?

गेल्या दिवाळीनंतर त्याचं येणं थांबलं. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासणी. आम्ही येतो म्हटलं तर म्हणे आम्ही भोकरला ललिताच्या माहेरी आहोत. पण संध्याकाळी व्हिडिओ कॉल चुकत नसे. लातूरच्या आमच्या बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर आम्ही तो बघायचो. चित्र किंचित पुसट असायचं, पण एकदाही अडकलं नाही. मंगल म्हणायची, "बारीक दिसून राहिलास रे."

"ताई, नेट बारीक हाय, मी न्हाई."

आम्ही हसायचो. मी मध्येच म्हणायचो, प्रोफेसरच्याच घरी नेट खराब, बदलून टाक. तो म्हणायचा, तुम्हीच घासाघीस करून स्वस्तात आणून द्या... असं रोज चालायचं.

आम्ही नांदेडला पोचलो तेव्हा त्याला बसवलेलं होतं. आम्हा लिंगायतांत देह आडवा ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला भस्म लावून बसवतात. म्हणजे माणूस समोरासमोर येतो. मी दारातून आत आलो आणि तो माझ्याकडे तोंड करून बसलेला होता. पिवळा. हळद लावल्यासारखा नव्हे, जुन्या कागदासारखा पिवळा. गळ्याची हाडं वर आलेली, आणि हात... मंगलनं एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काल असा नव्हता हो. काल आपण बघितला की."

कालही तसाच होता. काविळीचं निमित्त झालं, मग यकृताचा आजार निघाला, आणि तो निघाला तेव्हाच डॉक्टरांनी हात टेकले होते. दिवाळीनंतरचे सगळे दिवस तो घरात हाच रंग घेऊन बसला होता. कॅमेऱ्यातला पिवळा रंग त्यानं काढून टाकला होता, चेहऱ्यावर पांढरा दिवा घेतला होता, आणि हाडं दिसू नयेत एवढंच चित्र पुसट केलं होतं. अडकू मात्र दिलं नाही. घरातलं नेट ठणठणीत होतं, हे ललितानं सांगितलं.

मी तिच्यावर भडकलो. भरल्या घरात, चार माणसांदेखत. सख्ख्या बहिणीला कळवायचं नाही ही कुठली रीत? ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती दाजी. म्हणायचे, दाजींना कळलं तर ते यमाशीबी घासाघीस करायला बसतील. मला गाडीत घालून गावोगावचे दवाखाने फिरवतील. मला माझ्या घरात राहू दे."

बसलोच असतो. त्यात लाजायचं काय? एखादा महिना तरी पदरात पाडून घेतला असता. नसता मिळाला तर निदान समोर बसून भांडलो असतो, त्याचा हात हातात धरून. आयुष्यात मला कुणी सौद्यात फसवलेलं नाही. माल बघितल्याशिवाय मी हात पुढं करत नाही. आणि या पोरानं मला रोज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर खोटा माल दाखवला आणि मी रोज पाचपैकी पाच देत बसलो. राग आहे माझा त्याच्यावर. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कुणावर धरू? जिवंत असता तर दोन तासांत मिटवला असता.

हे लिहितोय तेव्हा त्याला जाऊन काही आठवडे झालेत. ललिता नांदेडलाच राहते. संध्याकाळी त्याच खोलीतून, त्याच्याच लॅपटॉपवरून बोलते. त्यानं रंगाचं जे काही करून ठेवलंय ते तसंच आहे. ते कुठून काढायचं तिला माहीत नाही, मला तर नाहीच. कुणाला तरी बोलावून नीट करून घे म्हटलं, तर ती विषय बदलते. चित्रात ती गोरीपान, टवटवीत दिसते. मंगल म्हणते, सावरतेय हळूहळू. मला त्या चित्रातलं काहीच कळत नाही. ती जेवते का, झोपते का, रडते का... काही कळत नाही.

म्हणून रविवारी आम्ही गाडी काढतो. वाटेतलं लोहा मागं पडलं की मंगल फोन करून सांगते, आलोच. गेल्या रविवारी ललितानं दार उघडलं आणि म्हणाली, "या दाजी, चहा टाकते." मी आत गेलो नाही. म्हणालो, "चहा राहू दे. आधी जरा बाहेर ये, उन्हात."

ती काही न विचारता अंगणात आली. पदर मागे सारला, मान वर केली आणि स्वतःच बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. "बघा," म्हणाली.

पांढरंच होतं, पिवळं नव्हतं. तरी मी बराच वेळ बघत राहिलो.