आल्याचे काप
आल्याला लिंबू-सैंधव लावलं की जो वास सुटतो, तो मला थेट इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर नेतो. वडील गेल्यानंतरचा पहिला पितृपक्ष. कठड्यावर त्यांचं पान वाढलेलं, खीर, वडे, सगळं. कावळा मात्र बाजूला बसून नुसता बघत होता. आई एकदम म्हणाली, “अगं, आलं राहिलं! त्याशिवाय यांना कधी भूक लागलीय?” ती धावत जाऊन आल्याचे काप घेऊन आली. कावळ्याने आधी तेच खाल्ले, जरा थांबला आणि मग भाताकडे वळला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला धजलो नाही. हल्ली माझीही अन्नावरची वासना उडालीय. आज जेवणाआधी आलं चिरलं, तर खिडकीत कावळा. एक काप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो चोचीने माझ्याकडे सरकवला.